जंगलाचा ताळेबंद कसा वाचावा: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

या विषयात नव्यानं येणारे बहुतेक जण एकच प्रश्न घेऊन येतात: "या जंगलाची किंमत किती?" प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. आधीचे प्रश्न गाळून थेट तिथं उडी मारली की एक भला मोठा आकडा हाती येतो, तो अहवालाच्या मुखपृष्ठावर झळकतो, आणि त्याच्या आधारे एकही निर्णय घेता येत नाही.

म्हणून इथं क्रम लावून दिला आहे. वनशास्त्राचे विद्यार्थी, एखाद्या संस्थेत नुकतेच रुजू झालेले कार्यकर्ते, पर्यावरणावर लिहू पाहणारे पत्रकार, यांच्यापैकी कुणीही तो वापरू शकेल. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, चक्रवाढ व्याज कळत असलं की पुरे. सोबत एक वही, एक कॅलक्युलेटर आणि पायी फिरता येईल असा जंगलाचा एक तुकडा हवा. नकाशावरचा तुकडा चालणार नाही.

पहिली पायरी: हद्द आखा आणि व्याख्या तपासा

वहीच्या पहिल्या पानावर दोन गोष्टी लिहा. तुकडा कुठून कुठवर आहे, आणि त्याला "जंगल" कोणत्या व्याख्येनं म्हटलंय. दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अर्ध्या हेक्टरहून मोठी जागा, ५ मीटरहून उंच झाडं आणि १० टक्क्यांहून जास्त छत्र (फांद्या-पानांनी झाकलेली जमीन) असेल तर तिला जंगल म्हणते. या व्याख्येत एकाच जातीची रांगेत लावलेली रोपवनं बसतात. तोडणी झालेली, पण पुन्हा झाडं वाढू द्यायची आहेत अशी उघडी जमीनही बसते. तेलताडाची लागवड मात्र बसत नाही, कारण ती शेती धरली जाते. थोडक्यात, जुनं मिश्र जंगल कापून तिथं एका जातीचं रोपवन उभं केलं तरी जंगलाखालचं क्षेत्र कागदावर तसूभरही कमी होत नाही.

याच संघटनेच्या २०२० च्या आढाव्यानुसार जगात सुमारे ४०६ कोटी हेक्टर जंगल होतं, म्हणजे जमिनीच्या ३१ टक्के. २०१५ ते २०२० या काळात दरवर्षी सुमारे १ कोटी हेक्टर जंगल तुटलं, असं तोच आढावा सांगतो. २०१० ते २०२० या दशकातली निव्वळ घट मात्र वर्षाला ४७ लाख हेक्टर होती, हेही त्यातच आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात फक्त गेलेलं जंगल मोजलं आहे, दुसऱ्यात नवं आलेलं वजा केलं आहे. कुणी यातला एकच आकडा तुमच्यासमोर ठेवला, तर दुसरा का ठेवला नाही हे विचारून घ्या.

दुसरी पायरी: मुद्दल आणि व्याज वेगळं करा

सगळा विषय या पायरीवर उभा आहे, म्हणून इथं घाई करू नका.

गाईचं दूध काढलं तरी गाय गोठ्यातच राहते. झाडाचं तसं नाही. झाड हा कारखाना आहे आणि कारखान्यातला मालही तेच आहे. वर्षभरात खोडावर चढलेला नवा थर हे व्याज, आधीचं सगळं लाकूड हे मुद्दल, पण व्याज काढायचं तर अख्खं झाड पाडावं लागतं. ओंडका लॉरीत चढला की त्यात मुद्दल किती आणि व्याज किती, हे पाहून सांगता येत नाही. ते सांगायचं तर पूर्ण जंगलाचा हिशेब हवा: वर्षभरात एकूण वाढ किती झाली आणि एकूण तोड किती झाली.

माझ्या पहिल्या अहवालात मी नेमकी इथंच माती खाल्ली होती. उभ्या साठ्यातून दहा वर्षांत काढता येईल तेवढं लाकूड काढायचं गृहीत धरलं, त्याला दहानं भागलं आणि खाली लिहिलं "वार्षिक उत्पन्न". एका निवृत्त वनाधिकाऱ्यांनी ते पान माझ्याकडे सरकवलं आणि एवढंच विचारलं, "हे व्याज आहे की ठेव मोडली?"

साठा मोजायची साधी रीत अशी. २० बाय ५० मीटरचा चौकोन आखा, तो बरोबर एक दशांश हेक्टर होतो. त्यातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवरचा घेर टेपनं घ्या. काही देशांत ही उंची १.३७ मीटर धरतात, तेव्हा जुन्या नोंदींशी तुलना करण्याआधी ते बघून घ्या. उतारावर वरच्या बाजूला उभं राहून उंची मोजायची. त्या उंचीच्या खालीच खोडाला फाटा फुटला असेल तर दोन झाडं धरायची. घेराला ३.१४ नं भागलं की व्यास मिळतो, आणि त्या जातीच्या घनफळ तक्त्यावरून लाकूड किती ते कळतं. असे चौकोन शक्य तितके जास्त घ्या आणि त्यांच्या जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. नवखा माणूस नाहीतर चौकोन पायवाटेजवळ आणि जिथं झाडी छान दिसते तिथंच टाकतो. हा मोह फार सूक्ष्म असतो, आपण तसं करतोय हे आपल्यालाही कळत नाही.

वाढ मोजायला थांबावं लागतं. तेच चौकोन पाच वर्षांनी पुन्हा मोजायचे. तोवर जवळच्या ताज्या बुंध्यावरची वर्तुळं मोजून अंदाज बांधता येतो, पण फक्त ज्या जातींत वर्षाला एक स्पष्ट वर्तुळ पडतं त्यांच्याच बाबतीत.

व्याजाएवढंच खा, ही कल्पना निसर्गप्रेमातून आली असावी असं वाटतं. पण ती छापील स्वरूपात मांडली एका खाण-अधिकाऱ्यानं. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड कमी पडू लागलं होतं. तिथल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला आणि लाकडाचा वापर टिकाऊ कसा ठेवायचा याचा विचार मांडला. काळजी झाडांची नव्हती, भट्टी विझण्याची होती. मला हा तपशील आवडतो, कारण या शास्त्राचा मूळ स्वभाव त्यातून कळतो.

एक सावधगिरी. व्याज स्थिर नसतं, ते साठ्यावर अवलंबून असतं. उजाड जमिनीवर वाढ कमी, कारण वाढायला झाडंच नाहीत. जुन्या, गच्च भरलेल्या जंगलात निव्वळ वाढ जवळपास शून्य, कारण जेवढं वाढतं तेवढंच कुजतं. सर्वाधिक वाढ मधे कुठेतरी मिळते. माशांचंही असंच असतं. आणि उत्पन्न टिकून आहे म्हणजे साठा टिकून आहे, असं कधीही समजू नका. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा कमी होत गेला तसे उरलेले थवे मोजक्या जागी एकवटले, आणि बोटींची यंत्रं दरम्यान सुधारत गेली. जाळ्यात मासे येतच राहिले. जुलै १९९२ मध्ये सरकारनं मासेमारी बंद केली तेव्हा साठा जवळपास संपला होता, आणि तीस हजारांवर लोकांचं काम गेलं.

तिसरी पायरी: झाड कधी तोडायचं याचं गणित स्वतः करून पाहा

हे गणित एकदा हातानं केलं की पुढची निम्मी भांडणं आपोआप समजतात. एका काल्पनिक रोपवनाचे हेक्टरी आकडे घेऊ, सगळी झाडं एका वयाची.

१० वर्षं: २० घनमीटर
२० वर्षं: ९० घनमीटर
३० वर्षं: १८० घनमीटर
४० वर्षं: २५० घनमीटर
५० वर्षं: २९० घनमीटर
६० वर्षं: ३१० घनमीटर

आधी वनाधिकाऱ्याचा जुना हिशेब करा: घनफळाला वयानं भागा. २० व्या वर्षी सरासरी ४.५, तिसाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ६.२५, पन्नासाव्या वर्षी ५.८. लाकूड जास्तीत जास्त मिळवायचं एवढाच हेतू असेल तर चाळिशीच्या आसपास तोडा. व्याजदराचा इथं विचारच नाही.

आता सावकाराचा हिशेब. विसाव्या ते तिसाव्या वर्षात लाकूड दुप्पट होतं, म्हणजे वर्षाला साधारण ७ टक्के वाढ. पुढच्या दशकात ती ३.३ टक्क्यांवर येते, त्यापुढं १.५, त्यापुढं ०.७. पैसे दुसरीकडे गुंतवून महागाई वजा जाता ५ टक्के मिळत असतील, तर तिशीनंतर झाड उभं ठेवणं म्हणजे ५ टक्के सोडून ३ टक्के घेणं. मालक तिशीच्या आसपास कुऱ्हाड काढणार. दर १ टक्का असेल तर तोच मालक पन्नाशीपर्यंत थांबेल. माती तीच, पाऊस तोच, जातही तीच, फक्त व्याजदर बदलला.

गणित अजून अपुरं आहे. झाड उभं असताना जमीनही अडकलेली असते, आणि पुढचं पीक लांबतं. जमिनीच्या या थांबण्याचा हिशेब जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान यांनी १८४९ मध्ये मांडला. तो धरला की तोडणीचं वय आणखी खाली येतं. वरच्या आकड्यांत ५ टक्के दरानं ते पंचविशीच्या आसपास जातं. याउलट उभं जंगल पाणी, माती, सावली, मध, फळं देत असेल आणि त्याचा लाभ हिशेब करणाऱ्याच्या पदरात पडत असेल, तर वय वर सरकतं. तो लाभ पुरेसा मोठा असेल तर "कधीच तोडू नका" हेही शुद्ध आर्थिक उत्तर निघू शकतं. या विषयात मला सगळ्यात आवडणारी जागा हीच आहे. संवर्धन आणि अर्थशास्त्र एकमेकांचे वैरी असल्याचं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गणित पूर्ण सोडवलेलं नसतं.

दराची ताकद बघायची असेल तर आणखी एक ओळ लिहा. शंभर वर्षांनी मिळणाऱ्या १०० एककांची आजची किंमत १ टक्का दरानं सुमारे ३७ येते, ५ टक्क्यांनी १ सुद्धा येत नाही, ०.७६ येते. कुठल्याही प्रकल्पाच्या अहवालात दर कोणता धरला आहे ते आधी शोधा. तो बहुधा परिशिष्टात दडलेला असतो.

चौथी पायरी: हक्कांचा गठ्ठा सोडवा

"जंगल कुणाचं?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर आलं तर ते अपुरं आहे. हक्क पाच प्रकारचे असतात: आत जाण्याचा, काहीतरी काढून आणण्याचा, कसं वापरायचं हे ठरवण्याचा, इतरांना मज्जाव करण्याचा, आणि विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा. वहीत तक्ता आखा: वर हे पाच स्तंभ आणि समोर माणसं: सरकारी खातं, ठेकेदार, गावकरी, गावातल्या बायका, बाहेरून येणारे पशुपालक. प्रत्येक चौकटीत दोन नोंदी करा, कायद्यानं काय आणि प्रत्यक्षात काय. ज्या चौकटींत या दोन नोंदी जुळत नाहीत, तिथंच पुढं भांडण आहे.

१९६८ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी मांडलं की सामाईक कुरण शेवटी उजाड होतंच, कारण प्रत्येकाला एक जनावर वाढवण्यात फायदा असतो. अनेक वर्षं धोरणं या एका निबंधाच्या जोरावर बेतली गेली: एक तर सरकारकडे द्या, नाहीतर खाजगी करा. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या टिकलेल्या सामाईक व्यवस्था गोळा करून दाखवलं की हार्डिन यांचं कुरण सामाईक नव्हतंच, ते बेवारस होतं. १९९० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल ऑलिव्हर विल्यमसन यांच्यासोबत विभागून मिळालं.

त्यांनी दिलेलं एक उदाहरण ध्यानात ठेवा. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ चा नियम असा: हिवाळ्यात ज्याला जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच त्यानं उन्हाळ्यात वरच्या सामाईक कुरणात सोडाव्यात. हुशारी कुठं आहे ते बघा. कुरणाची क्षमता कुणी मोजत बसलं नाही. प्रत्येकाच्या घरच्या चाऱ्याला मर्यादा होतीच, तीच सगळ्यांसाठी मर्यादा केली. आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गाई आहेत हे गावाला ठाऊकच असतं. तपासणीचा खर्च शून्य.

उलट उदाहरण नेपाळचं. १९५७ मध्ये खाजगी जंगलं सरकारजमा झाली. गावांचा संबंध तुटला, आणि डोंगरदऱ्यांत राखण करायला सरकारकडे माणसं नव्हती. कागदावर मालक आणि जागेवर कुणीच नाही, अशी स्थिती. १९९३ च्या वन कायद्यानं वापरकर्त्या गटांकडे जंगल सोपवण्याची वाट पक्की केली, आणि पुढं असे २२ हजारांवर गट उभे राहिले.

कायद्यातला एक शब्दही सगळं अर्थकारण फिरवतो. भारताच्या १९२७ च्या वन कायद्यात बांबू "झाड" होता. वनस्पतिशास्त्रात तो गवत आहे. झाड म्हटलं की तोडणी आणि वाहतूक दोन्ही वनखात्याच्या परवानगीनं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) धरलं आणि गौण वनोपजाची मालकी हक्कधारकांना दिली. तरी वाहतूक परवाना कुणी द्यायचा यावर घोडं अडलंच. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला परवाना पुस्तक हातात मिळालं ते २०११ च्या एप्रिलमध्ये. मालकी देणारा कायदा २००६ चा, पण माल रस्त्यावर आणायचा हक्क नसेल तर त्या मालकीला बाजारात दाम नाही. तुमच्या तक्त्यात "विकण्याचा हक्क" या स्तंभाखाली वाहतुकीची वेगळी ओळ टाका, ती याचसाठी.

पाचवी पायरी: उभ्या झाडाची किंमत काढा, मग ती कुणाच्या खिशात जाते ते पाहा

लाकडाचा बाजारभाव म्हणजे जंगलाची किंमत नव्हे. गिरणीच्या दारात ओंडक्याला १०० एकक मिळतात असं धरा. तोडणी-छाटणी १५, वाहतूक ३०, ठेकेदाराचा रास्त नफा १०. उरले ४५. हे ४५ कुणाच्या श्रमाचे नाहीत, भांडवलाचेही नाहीत. ते निसर्गाचे, म्हणून कायद्यानं मालकाचे. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात.

आता मालक, समजा सरकार, स्वामित्वधन म्हणून फक्त १२ घेतं. उरलेल्या ३३ चं काय? ते हवेत विरत नाहीत. काही ठेकेदाराकडे जातात, काही परवाना मिळवून देणाऱ्या साखळीकडे, काही गिरणीला स्वस्त लाकडाच्या रूपानं. लाकूड स्वस्त मिळालं की गिरणी ते वाया घालवते, गरजेपेक्षा मोठी यंत्रं बसवते, आणि मग यंत्रं चालू ठेवायला जंगलावर दबाव येतो. इंडोनेशियानं १९८५ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात पूर्ण बंद केली. हेतू चांगला होता: प्लायवूडचे कारखाने देशात उभे राहावेत. ते राहिलेही. पण देशात लाकडाचा भाव पडला, कारखान्यांची भूक जंगलाच्या वाढीपेक्षा मोठी झाली, आणि ओंडक्यातलं बरंच लाकूड भुशात जाऊ लागलं.

याच हिशेबातून रस्त्याचं महत्त्व कळतं. जंगल दुप्पट लांब असेल तर वाहतूक ६०, उरतात १५. आणखी थोडं लांब गेलं की शून्य, आणि तिथलं जंगल कुणी न राखताही सुरक्षित. तिथवर पक्का रस्ता गेला की वाहतूक पुन्हा ३० वर येते आणि एका रात्रीत त्या झाडांच्या अंगावर ४५ चं लेबल लागतं. म्हणून जंगलाचं धोरण वाचताना वनखात्याच्या आधी रस्तेबांधणीचा आराखडा मागवा. वनधोरणातला सर्वात मोठा निर्णय बहुतेक वेळा त्यातच झालेला असतो.

सहावी पायरी: ज्याला भाव नाही त्याचं काय?

पाणी, माती, कार्बन, परागीभवन. या सेवांचं मोल काढण्याच्या अनेक पद्धती आहेत. नवख्यानं एकच पकडावी: ही सेवा गेली तर तिच्या जागी काय करावं लागेल आणि त्याला काय खर्च येईल?

न्यूयॉर्क शहराला पाणी कॅट्सकिल डोंगरांतून येतं. नव्या नियमांमुळे शहरापुढं प्रश्न आला: गाळण प्रकल्प बांधा, नाहीतर पाणलोट स्वच्छ राखण्याची हमी द्या. प्रकल्पाचा अंदाज ६०० ते ८०० कोटी डॉलर होता. १९९७ मध्ये शहरानं वरच्या भागातल्या गावांशी करार केला. राजीखुशीनं विकणाऱ्यांकडून जमिनी घेतल्या, गोठ्यांच्या शेणाची आणि घरांच्या सांडपाण्याची सोय लावून दिली. खर्च प्रकल्पाच्या मानानं फारच कमी आला. हे उदाहरण सगळीकडे सांगितलं जातं, पण ते का जमलं हे कमी सांगितलं जातं. घेणारा एकच होता आणि श्रीमंत होता. कायद्याचा बडगा डोक्यावर होता. आणि पर्यायी खर्च मोजता येत होता. तीनपैकी एक जरी नसेल तर तसाच करार दुसरीकडे उभा राहील असं धरू नका.

कोस्टारिकानं १९९६ च्या वन कायद्यानंतर इंधनावरच्या करातून जमीनमालकांना जंगल राखण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. तिथं जंगल परत आलं हे खरं. पण त्याच कायद्यानं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला लावण्यावर बंदी घातली होती, आणि जंगल सावरायला आधीच सुरुवात झाली होती. म्हणजे पैशांमुळे किती आणि इतर कारणांमुळे किती? पैसे दिले नसते तर यातलं किती तुटलं असतं? जंगलात कार्बन साठवून ठेवण्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात हाच प्रश्न गाभ्याचा असतो, आणि उत्तर देणाऱ्याचा स्वार्थ बहुधा मोठ्या आकड्यात असतो. एरवी कुणी हात लावलाच नसता अशा कड्यावरच्या जंगलाचे पैसे देणं म्हणजे निव्वळ बक्षीस.

पूर्ण जंगलाचं एकूण मोल काढायच्या मोहात पडू नका. निर्णय कधीच "सगळं की काहीच नाही" असा नसतो, या पन्नास हेक्टरचं काय असा असतो. त्या पन्नास हेक्टरमुळे काय बदलेल तेवढंच मोजा.

सातवी पायरी: हत्यार निवडा, मग गळती शोधा

धोरणाची हत्यारं मोजकीच: बंदी, कर किंवा स्वामित्वधन, कोटा, मोबदला, आणि हक्कांची पुनर्वाटणी. खरेदी-विक्री होणारे मासेमारीचे कोटे न्यूझीलंडनं १९८६ पासून वापरले. जिथं माल मोजक्या बंदरांवर उतरतो आणि तो मोजता येतो तिथं हे चालतं. शेकडो पायवाटांनी डोक्यावरून मोळ्या बाहेर पडतात तिथं कोटा कागदावरच राहतो. हत्यार निवडताना "सर्वोत्तम कोणतं" यापेक्षा "माल कुठं मोजता येतो" हा प्रश्न जास्त कामाचा.

बंदी सोपी वाटते म्हणून लोकप्रिय असते. १९८८ च्या पुरानंतर थायलंडनं १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलातली तोड बंद केली. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुरानंतर चीननं मोठ्या भागात तेच केलं. लाकडाची मागणी मात्र दोन्ही देशांत जागच्या जागी होती, तेव्हा शेजारपाजारच्या देशांतून ओंडके येऊ लागले. जंगल इथं वाचलं, तिथं तुटलं. गळती म्हणतात ती हीच. बंदीचा हिशेब करताना हद्दीबाहेरचं एक पान जोडा.

आठवी पायरी: पकडले जाण्याची शक्यता मोजा

एका लॉरीच्या चोरट्या मालात १०० एकक नफा आहे. दंड ५०० ठेवला आहे, ऐकायला जबर. पण वीस लॉऱ्यांमागे एकच पकडली जात असेल तर प्रत्येक फेरीमागे दंडाचा भार सरासरी २५. नफा ७५ उरतोच. दंड दुप्पट केला तरी ५० उरतो. त्याऐवजी पाच लॉऱ्यांमागे एक पकडली गेली तर त्याच जुन्या दंडात नफा शून्यावर येतो. आणि पकडलेल्यांपैकी किती जणांकडून दंड खरोखर वसूल होतो, हा तिसरा गुणक लावायला विसरू नका. साखळीतला सर्वात कच्चा दुवा बहुधा तोच असतो.

ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ साली २७ हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जंगल तुटलं होतं. २०१२ पर्यंत हा आकडा ४६०० च्या आसपास आला. उपग्रहावरून ताज्या तोडीची खबर मिळू लागली होती, पथकं तिथं पोचत होती, नवी संरक्षित क्षेत्रं झाली होती, आणि २००८ पासून नियम न पाळणाऱ्या जमिनींना शेतीकर्ज मिळणं अवघड झालं होतं. पुढं पकड सैल झाल्यावर आकडा पुन्हा चढला.

खाणीची गोष्ट वेगळी

तुमच्या तुकड्याखाली खनिज असेल तर वरच्या बऱ्याच पायऱ्या लागू पडत नाहीत, कारण खनिजाला व्याज नसतं. जे काढलं ते मुद्दलच. टिकाऊ खाणकाम असं म्हणायचं तर एकच अर्थ उरतो: काढलेल्या मुद्दलाचं दुसऱ्या मुद्दलात रूपांतर करणं. नॉर्वेनं तेलाच्या पैशासाठी १९९० मध्ये कायद्यानं निधी उभा केला, पहिली रक्कम १९९६ मध्ये जमा झाली, आणि आज तो जगातल्या सर्वात मोठ्या सरकारी निधींपैकी आहे. प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटानंही फॉस्फेटच्या पैशाचा निधी केला होता. तो चुकीच्या गुंतवणुकींत आणि उधळपट्टीत विरला, आणि बेटाचा मधला भाग खणून ओसाड झालेला उरला. निधी आहे का, एवढं विचारून भागत नाही. त्यातून दरवर्षी किती काढायचं हे कोण ठरवतं, ते विचारा.

शेवटची पायरी: पाच वर्षांची तयारी आजच करा

चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर दगडाची खूण पुरा, लाकडी खुंट्या वाळवी खाते. प्रत्येक झाडाला क्रमांक घाला, सगळ्यांना एकाच दिशेनं, म्हणजे पुढच्या वेळी रांगेत चालत वाचता येतात. जिथं घेर मोजला तिथं रंगाची आडवी रेघ मारा. खिळा ठोकायचाच झाला तर त्या रेघेपासून वीतभर वर ठोका, कारण खिळ्याभोवती खोड फुगतं आणि ती सूज पुढच्या मोजणीत वाढ म्हणून धरली जाते. वहीत मोजणाऱ्याचं नाव, तारीख आणि टेपची लांबी लिहा, कारण जुनी कापडी टेप ताणली जाते. वहीची एक प्रत गावात ठेवा, एक स्वतःकडे.

पुढच्या मोजणीला याल तेव्हा काही क्रमांक जागेवर नसतील. ते वहीतून खोडू नका. समोर कारण लिहा: वाळलं, पडलं, जळलं, तोडलं. तोडलं असेल तर बुंध्याचा घेर घ्या आणि ओंडका कोणत्या वाटेनं गेला ते शोधत थोडं पुढं चालत जा.